हलायचं नाही, वाकायचं नाही

"पुंजाराम खालकरांचं घर कुठंय हो?"

सायखेड्यात गोदावरीच्या पुलाअलीकडे एक जण छोटा हत्ती धूत होता. छोटा हत्ती म्हणजे टेम्पो. पँट गुडघ्यापर्यंत वर, हातात पाइप, आणि एप्रिलच्या त्या उन्हातही चेहऱ्यावर हसू. मी जणू त्याच्याच घरी जेवायला आले होते.

"कोणते पुंजाराम?" त्यानं विचारलं. "गावात तीन हायेत."

"शिमला मिरचीवाले."

"तिघांची शिमलाच हाय."

पाइप टाकून तो पुढे निघाला, मी स्कूटर ढकलत मागे. पहिले पुंजाराम झोपले होते आणि त्यांना ऐकूही येत नव्हतं. दुसऱ्यांच्या दारात कुत्रं होतं, त्याला मात्र चांगलंच ऐकू येत होतं. दोन्ही दारांत बायका जमल्या, "काय काम काढलं?" म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा मी "एक सर्वेक्षण आहे" एवढंच बोलले. हा बाबा बाजूला उभा राहून मान तिरकी करून ऐकत होता. तिसऱ्या घरी त्यानं फाटक उघडलं, चपला काढल्या आणि आत हाक मारली, "आई, पाणी आण!"

"हे तिसरे पुंजाराम?"

"हो. माझा बाप."

"मग हे मघाशी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही पत्ता विचारला. नातं कुठं विचारलं?"

चाळीस मिनिटं! त्या उन्हात चाळीस मिनिटं मी स्कूटर ढकलली होती. माझ्या तोंडात बरंच काही आलं होतं, पण तो एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या बॅगेवर हॉस्पिटलचं नाव हाय, मॅडम. म्हटलं बघू, ही बाई चारचौघात काय काय बोलते... एक शब्द नाय बोलल्या तुम्ही. आता बोला. रोहिणीबद्दल आलात ना?"

मी पाणी प्यायले. तांब्याभर. तेवढ्यात मला कळलं, की मला आत्ता एका परीक्षेत पास केलं गेलंय आणि परीक्षा घेणाऱ्याच्या गालावर खळी आहे. दोन्ही गोष्टींचा मला राग आला.

त्याचं नाव रविराज. मी मनाली. नाशिकला एका हॉस्पिटलात नर्स आहे, पण माझं काम वॉर्डात नसतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊच नये म्हणून एक नवीन लस तयार होतेय. ती किती टिकते हे पाहायचं, तर ती घेतलेल्या मुलींच्या पाठीमागे वर्षानुवर्षं फिरावं लागतं. लस शोधणारे हुशार लोक मोठ्या शहरात थंड खोलीत बसतात. आणि रक्त द्यायला कोणती मुलगी आली नाही, ती कुठे गेली, तिचा फोन का लागत नाही, हे शोधत एक बाई स्कूटरवरून हिंडते. ती मी.

आमच्या केंद्रात दोनशे चाळीस मुली होत्या. तीन वर्षांत त्यातल्या चोवीस हरवल्या. हरवल्या म्हणजे लग्न करून गेल्या, नंबर बदलले, एक तर थेट दुबईला. पंचविसावी हरवली, तर नियमाप्रमाणे आमच्या केंद्राचं सगळंच काम बाद. उरलेल्या दोनशे पंधरा मुलींनी तीन वर्षं दंड पुढे केले ते वाया. आमच्या केंद्रप्रमुख उज्वला मॅडमनी हे मला इतक्या शांतपणे सांगितलं होतं, की मी त्याच दिवशी स्कूटरची टाकी फुल केली.

आणि पंचविसावी होती रोहिणी पुंजाराम खालकर. शेवटचं रक्त द्यायची मुदत मंगळवारी संपत होती. त्या दिवशी शनिवार होता.

"मागच्या वर्षी लग्न झालं तिचं. कळवणजवळ," रविराज सांगू लागला. "जावयाला लसीचं ठाऊक हाय, तो चांगला हाय. पण सासूबाईंना नाय सांगितलं. कॅन्सरची सुई घेतली म्हटल्यावर लोक काय म्हणतात, माहितीये ना? सुई विसरतात, कॅन्सर तेवढा लक्षात ठेवतात."

आतून त्याची आई ओरडली, "तिचं घर मोडायला आलात का?" वडील माझ्या बॅगेकडेच बघत राहिले.

मी म्हटलं, "काकू, मी तुमच्या व्याह्यांना एक शब्द सांगणार नाही. तसा मला अधिकारच नाही. ते गुपित रोहिणीचं आहे. सांगायचं तर तीच सांगेल."

रविराजनं माझ्याकडे पाहिलं. मग आईला म्हणाला, "आखाजीचा सण पुढच्या आठवड्यात हाय. मुराळी म्हणून मला जायचंच हाय तिला आणायला. मंगळवारीच जातो. तिला घेतो, सरळ नाशिकला नेतो, रक्त द्यायला लावतो, घरी आणतो. झालं!"

"मी येणार," मी म्हटलं.

"विश्वास नाय का माझ्यावर?"

"माझा माणसांवर विश्वास नसतो. यादीवर असतो."

"मग घ्या मला यादीत," तो म्हणाला. खळी पुन्हा पडली.

मंगळवारी सकाळी सात वाजता मी छोट्या हत्तीत बसले. मांडीवर बॅग, पायाशी आइसबॉक्स. केबिनभर शिमला मिरचीचा वास. पिंपळगाव मागे पडलं, द्राक्षबागा सुरू झाल्या, आणि हा माणूस प्रश्न विचारायचा थांबेना.

"म्हणजे निम्म्या पोरींना नवी लस, निम्म्यांना जुनी. आणि रोहिणीला कोणती मिळाली ते तिला माहीत नाय?"

"नाही."

"तुम्हाला?"

"मलाही नाही. सगळं शेवटी उघडणार."

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही न बघताच काम करताय."

"त्यालाच शास्त्र म्हणतात."

"आमच्यात त्याला लग्न म्हणायचे. आईनं बापाला पहिल्यांदा हळदीच्या दिवशी बघितलं."

मी खिडकीबाहेर पाहिलं. हसू आलं की मी खिडकीबाहेर पाहते, ही माझी जुनी सवय. त्यानं आरसा जरासा वळवला. रस्ता दिसावा म्हणून असेल, असं मी स्वतःला समजावलं... पण त्या आरशात रस्ता दिसतच नव्हता.

"सासरी विचारलं तर मी कोण?" मी विषय बदलला.

"कॉलेजची मैत्रीण. वणीला गडावर चाललीय, म्हटलं सोडतो."

"वणी कळवणच्या अलीकडे आहे. आपण ती ओलांडूनही गेलो."

"अरे हो," तो म्हणाला. नाशिक जिल्ह्यात जन्म घालवलेला माणूस, आणि हा त्याचा बेत होता!

रोहिणीच्या सासरी अंगणात कांद्याची रास होती, कांदे काढायला आलेल्या बाया होत्या, आणि दारातच सिंधुबाई. रोहिणीची सासू. उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेवर हात. त्यांनी रविराजकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. आमची गडाची गोष्ट सांगून व्हायच्या आत त्यांनी आपली गोष्ट रचून पूर्ण केली होती.

"मुराळी एकटा येतो बाबा," त्या म्हणाल्या. "दोघं आले म्हंजी समजायचं काय ते."

"नाही हो मावशी, ही फक्त..."

"लाजू नको. या बाई, आत या. कुठल्या तुम्ही?"

"मखमलाबादच्या," मी म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं. "शेवंती आणि झेंडू असतो आमचा. फूलबाजारात जातो."

"फुलांचं घर!" सिंधुबाईंचा चेहरा असा खुलला, की माझं अर्धं लग्न तिथंच लागलं.

रोहिणी पाणी घेऊन आली आणि मला बघून दारातच थबकली. तिनं मला ओळखलं होतं. रविराजनं मुराळीपणाचं बोलणं काढलं, तर सिंधुबाईंनी ते दोन वाक्यांत संपवलं. "कांदे निघू दे. परवा पाठवते. आज नाय."

परवा म्हणजे गुरुवार. मुदत आज संपत होती. मी घड्याळ बघितलं, रविराजनं मला बघितलं, आणि रोहिणीनं आम्हा दोघांना. मग ती पोरगी अशा सहज आवाजात म्हणाली, "ताई, हातपाय धुता का? चला, मोरी मागं हाय."

मागच्या खोलीत धान्याच्या कोठ्यांमागे तिनं पदर सावरून दंड पुढे केला. "ह्यांना माहितीये," ती कुजबुजली. "आईंनाच सांगायचं राहिलं. रोज म्हणते, उद्या सांगीन." अकरा वाजून वीस मिनिटांनी मी नळीवर बूच लावलं. माझ्या हातात पंचविसावी मुलगी होती, लाल, कोमट, बोटाएवढी. मला इतका आनंद झाला, की मी रोहिणीच्या गालाचा पापाच घेतला.

आणि मग आठवलं. रक्त काढलं की नळी अर्धा तास उभी ठेवायची. हलवायची नाही, आडवी करायची नाही. आत रक्त नीट गोठायला हवं, मगच बर्फात. हिसके बसले तर आतल्या पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. नळ्या उभ्या ठेवायचा स्टँड होता आइसबॉक्समध्ये. आइसबॉक्स होता टेम्पोत. आणि टेम्पोच्या सावलीत सात बाया भाकरी सोडून बसल्या होत्या.

"साधना... अगं ए रोहिणी, पाहुणीला आण! कुंकू लावायचंय!" बाहेरून हाक आली. सासरचं नाव साधना ठेवलं होतं, पण हाक मारताना सिंधुबाई रोज गोंधळत, असं रोहिणी नंतर म्हणाली.

मी दारातून रविराजला खुणावलं. तो आला. मी नळी त्याच्या शर्टाच्या खिशात उभी घातली, दोन्ही बाजूंना पेनं लावली, वरून रुमाल. हे करताना मी त्याच्या इतक्या जवळ होते, की त्याचं हृदय नळीला किती धक्के देतंय याची मला काळजी वाटली.

"अकरा पन्नासपर्यंत," मी सांगितलं. "हलायचं नाही. वाकायचं नाही. हसायचं नाही."

"श्वास?"

"हळू."

"तुम्ही इतक्या जवळ उभ्या राहिल्यावर हळू कसा घेऊ?"

"रविराज!"

"गेलो, गेलो..." आणि तो खरंच गेला, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखा. ओसरीवरच्या खुर्चीत ताठ बसला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

इकडे माझं कुंकू झालं, हळद झाली, आणि बघता बघता पदरात... पदर नव्हता, ओढणी होती, पण सिंधुबाईंना चालली... नारळ, तांदूळ, खण. "अहो मावशी, ओटी नको, अजून काहीच..." "अजून काहीच काय? होईल की!" ओसरीवरून एक विचित्र आवाज आला. तो हसू दाबत होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा कॅलेंडर वाचू लागला.

अकरा बत्तीस. दारात काठी वाजली.

गोजराबाई. सिंधुबाईंच्या सासूबाई, रोहिणीच्या आजेसासू, वय नव्वदीच्या घरात. शेजारून आल्या होत्या. सिंधुबाई वाकल्या, रोहिणी वाकली, मी ओटी सांभाळत वाकले. म्हातारी रविराजपुढे जाऊन थांबली. पाय जरा पुढे केले.

रविराज खुर्चीतून उठला, सरळ. आणि ताठ उभ्यानं नुसते हात जोडले.

कळवणकडच्या घरात मुराळी येतो आणि आजीच्या पायाला हात लावत नाही! टेम्पोच्या सावलीतल्या बायासुद्धा चघळायच्या थांबल्या.

"पाया पडाले लाज वाटस का रे?" गोजराबाईंनी विचारलं.

"नाही आजी... पाठ..." रविराज घामानं निथळत म्हणाला. "पाठीत उसण भरलीय. वाकताच येईना."

मी डोळे मिटले. जगात दुखण्यांना काय कमी आहे? दात म्हणायचा, गुडघा म्हणायचा. ह्यानं उसण निवडली.

"उसण?" गोजराबाईंचा राग एकदम उतरला. काठी भिंतीला लागली. "मंग आडा पड. एक लाथ मारसू, सरळ व्हई जाशी."

"आमच्या सासूबाई पायाळू हायेत," सिंधुबाईंनी मला अभिमानानं सांगितलं. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाची लाथ बसली की उसण जाते, हे मलाही माहीत होतं. मला हे माहीत नव्हतं, की त्यासाठी सटाण्यापासून लोक यांच्या दारात येतात. "आडवा हो रे रवी, पालथा. पंचक्रोशीत असा गुण नाय कुणाला."

रविराजनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे आयुष्यात कुणी तसं पाहिलं नव्हतं... 'सांग काय करू' असं. अकरा छत्तीस. पालथा झाला तर नळी गेली. नळी गेली तर दोनशे पंधरा मुली गेल्या. आणि खरं बोलावं, तर त्याच ओठांनी मी शनिवारी शब्द दिला होता.

"आजी," रविराज म्हणाला, "उभ्यानं मारा. कितीबी मारा. पण उभ्यानं."

"उभ्यानं लाथ कशी बसंल? मी काय घोडी शे?"

"बसेल आजी. मी दार धरून उभा राहतो."

आणि तो खरंच वळला, चौकट धरली, खिसा एका हातानं झाकला आणि नव्वद वर्षांच्या पायासाठी पाठ केली. पाठ सरळ, मान सरळ, डोळे घट्ट मिटलेले. एका शब्दासाठी, आणि एका परक्या बाईच्या यादीसाठी. त्या क्षणी मला तो आवडला. आधीपासून आवडत होता, पण त्या क्षणी ते मला नाकारता येईना. मी ओटीतला नारळ छातीशी धरून नुसती बघत राहिले.

गोजराबाईंनी रोहिणीच्या खांद्याचा आधार घेतला आणि पाय उचलला.

"आजी, नका!" रोहिणी ओरडली. "दादाच्या खिशात माझं रक्त हाय!"

पाय हवेतच राहिला.

मग तिनं सगळं सांगितलं. एका दमात, पदराशी चाळा करत. कॉलेजातलं शिबिर, तीन डोस, तीन वर्षं, आजची मुदत. 'कॅन्सर' हा शब्द आला तेव्हा सिंधुबाईंनी तिचं मनगट धरलं.

"तुला हाय?"

"नाय आई! होऊ नये म्हणून घेतली."

"आणि मला नाय सांगितलं." सिंधुबाईंचा आवाज फाटला. "मी काय वाघीण हाय का गं? तुला खाल्लं असतं मी?" त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही डॉक्टर का?"

"नर्स, मावशी. हा आजार एका विषाणूमुळे होतो. तो शरीरात यायच्या आधी लस घेतली की त्याला आत ठाव मिळत नाही. रोहिणी ठणठणीत आहे. तिच्या रक्तावरून आम्हाला एवढंच बघायचंय, की लसीची ताकद टिकलीय का."

गोजराबाईंनी पाय केव्हाच खाली घेतला होता. त्या हळूहळू खुर्चीकडे गेल्या आणि बसल्या. मग म्हणाल्या, "मन्ही पोरले हाउच व्हयना."

सिंधुबाईंनी मान खाली घातली. "माझ्या नणंदेला हाच आजार झाला होता," त्या मला म्हणाल्या. "वीस वर्षं झाली, चौतीस वर्षांची होती. अंगावरून जायचं. शेवटी नाशिकला नेली, तिथं कळलं. आम्ही गावात पोटाचं दुखणं म्हणून सांगितलं... आजपर्यंत तेच सांगतो."

म्हणजे या घरानं स्वतःच वीस वर्षं एक गुपित झाकून ठेवलं होतं. आणि सुनेनं भिऊन त्यावर आपलं एक ठेवलं होतं. कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

"तवय हाई सुई नव्हती?" गोजराबाईंनी मला विचारलं.

"आपल्यापर्यंत आली नव्हती, आजी."

म्हातारीनं डोळे पुसले नाहीत. नुसतं रविराजच्या खिशाकडे पाहिलं आणि विचारलं, "किती येळ ऱ्हायना?"

"अकरा मिनिटं."

"मंग गुमान बसा सगळा! कोनी हालू नका!"

काठी आपटली. आणि आम्ही बसलो. सिंधुबाई, रोहिणी, मी, अंगणातल्या सात बाया. अकरा मिनिटं एका शर्टाच्या खिशाकडे बघत. एका बाईला ठसका आला तर तिला बाकीच्यांनी दटावलं. रविराजच्या नाकावर माशी बसली. त्यानं ती हाकलली नाही. मी उठले आणि माझ्या हातानं ती उडवली, आणि सगळ्या अंगणानं ते पाहिलं.

अकरा पन्नासला मी नळी काढली. रक्ताची गाठ गडद, घट्ट, तळाशी नीट बसलेली. बाया स्वतःहून टेम्पोपासून बाजूला झाल्या.

निघताना रविराज आधी गोजराबाईंच्या पायाशी पार लोटांगण घातल्यासारखा वाकला. सिंधुबाई म्हणाल्या, "परवा मीच घेऊन येते हिला. आणि माझ्या धाकट्या लेकीला, अंजलीला पण. तेरा वर्षांची हाय. तिला टोचायची कुठं, ते सांगा." मी पत्ता लिहून दिला. आमच्या अभ्यासात जागा नव्हती, पण दवाखान्यात लस मिळते, हे सांगितलं. "आणि ओटी?" मी हळूच विचारलं. "ओटी राहू दे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

परतीच्या रस्त्यात दिंडोरीच्या अलीकडे त्याचा फोन वाजला. आई. त्यानं कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला.

"सिंधुमावशींनी फोन केला असणार," तो म्हणाला. "आई विचारणार, रवीसंगं पोरगी कोण होती. काय सांगू?"

"नळी पोचेपर्यंत मला काहीही विचारायचं नाही."

आणि त्या माणसानं खरंच विचारलं नाही. दिंडोरी गेली, ढकांबे गेलं, म्हसरूळ आलं. एक अक्षर नाही! मी दोनदा खाकरले, ओढणी सावरली, "ऊन फार आहे, नाही?" म्हटलं, तर "हो" म्हणून गप्प. सांगितलेलं इतकं तंतोतंत पाळणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

तीन वाजायच्या आत आम्ही लॅबमध्ये होतो. आमच्या टेक्निशियन सोमनाथदादांनी नळी यंत्रात ठेवली. दहा मिनिटं गरागरा फिरणार. वर आलेलं पाणी पिवळं स्वच्छ निघालं तर जिंकलो. तांबडं निघालं तर पेशी फुटल्या, सगळं संपलं.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मध्ये नारळ. यंत्राचा आवाज भिंतीतून येत होता. "लाल निघालं तर?" त्यानं विचारलं.

"तर तुमचा दोष नाही," मी म्हटलं. "तुमच्याएवढं सरळ कुणी बसलंच नसतं. मी तीन वर्षांचे कागद पाहिलेत. मुलींना रस्त्यावर सोडून परत गेलेले भाऊ, नवरे, बाप. तुम्ही लाथ खायला पाठ केलीत. मला... मला तुम्ही फार आवडता, रविराज. लाल निघालं तरी."

तो काही बोलायच्या आत दार उघडलं. सोमनाथदादांनी नळी उजेडात धरली. वर मधासारखं पिवळं, नितळ. "एक नंबर," ते म्हणाले. "कोणी आणला हा नमुना? जरासुद्धा धक्का नाही."

मी तिथेच रडले. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, ओटीत नारळ घेऊन, नाक ओढत. उज्वला मॅडम धावत आल्या, नळी पाहिली, नारळ पाहिला, रविराजला पाहिलं आणि काही न विचारता परत गेल्या.

"आता विचारा," मी त्याला म्हटलं.

"काय?"

"तेच! तुमच्या आईला काय सांगायचं ते!"

सायखेड्यात मला चाळीस मिनिटं फिरवणारा हा माणूस आता माझ्या नारळाकडे बघून बोलू लागला. "ते... म्हणजे... मनाली, तुम्ही... चहा घेणार का?"

फोन पुन्हा वाजला. आई. त्याचं बोट लाल बटणाकडे निघालं. मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"रवी! मेल्या, कितींदा फोन करायचा?" पलीकडून आवाज आला. "ती सिंधुबाई म्हणतीय, तू होणारी बायको संगं घेऊन गेला होतास! नर्सबाईंसोबत आणखी कोण पोरगी नेली होती? सगळ्या सायखेड्यात झालंय!"

"काकू," मी म्हटलं, "मी मनाली."

"कोण मनाली?"

रविराज माझ्यासमोर उभा होता. या वेळी त्याला हलायची मुभा होती, तरी तो हलत नव्हता.

"सिंधुमावशी म्हणाल्या ना, काकू... मी तीच."

फोन बाजूला न धरताच काकू ओरडल्या, "अहो, उठा, उठा! खरंय!"